गाडीचे इतके, डिझेल वेगळं

वैशाखात पुतणीची हळद होती. डीजे ठरवायला मी आणि जिभाऊ तालुक्याला गेलो. पोरगा मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "गाडीचे इतके, डिझेल वेगळं." जिभाऊंनी घासाघीस केली. गाडीचे दोन हजार कमी झाले, पण डिझेलवर तो काही हटला नाही. "डिझेल काय मी घरी बनवतो का, जिभाऊ?"

हळदीला संध्याकाळी पाच ते रात्री दहा, पाच तासांत ३० लिटर डिझेल गेलं. पैसे मोजता मोजता माझ्या डोक्यात एक किडा शिरला. गाण्याच्या बिलात इंधनाची ओळ वेगळी कधीपासून लिहायला लागले? माझ्या आजीच्या लग्नातही गाणं होतं, पण त्यात इंधन म्हणजे बायकांनी खाल्लेल्या भाकरी. मग मी हिशेब मांडत गेलो. शेवटी माझी खात्री पटली की कुठलं गाणं किती लांब, किती उंच पट्टीत, किती मोठ्यानं आणि कुणी गायचं, हे ठरवण्यात कवी-संगीतकारांइतकाच त्या काळी हाताशी असलेल्या ऊर्जेचा हात असतो.

आधी माप समजून घेऊ. वॅट म्हणजे ऊर्जा किती वेगानं खर्च होते ते. एक हजार वॅट तासभर वापरले की एक युनिट, तेच जे लाइट बिलावर छापून येतं. धडधाकट माणूस दिवसभर अंगमेहनत करतो तेव्हा त्याच्याकडून साधारण ७५ वॅट मिळतात. आठ तासांचं काम म्हणजे अर्ध्या युनिटच्या जरा वर. एक लिटर डिझेलमध्ये मात्र सुमारे दहा युनिट ऊर्जा असते. जनरेटर त्यातली दोन तृतीयांश धूर आणि उष्णतेत घालवतो आणि तीन-सव्वातीन युनिट वीज हाती देतो. तेवढीही पाच मजुरांच्या दिवसभराच्या घामाइतकी भरते. आमच्या हळदीत ३० लिटरची मिळून जवळपास शंभर युनिट वीज झाली. आमच्या घरचं महिन्याचं बिल साधारण तेवढ्याच युनिटचं येतं.

आता जात्याकडे जाऊ.

खान्देशात पहाटेचं दळण हे गाण्याचं सगळ्यात मोठं कारण होतं. ज्वारी-बाजरीचं पीठ फार दिवस टिकत नाही, म्हणून दळण रोजचं. समोरासमोर दोन बाया बसायच्या, खुंटा एकच, चार हात. हाताला लय नसेल तर जातं अडतं आणि खांदे भरून येतात. ओवी ही लय सांभाळायची. ओळ जात्याच्या फेऱ्यांवर बेतलेली, एकीचा श्वास संपला की दुसरी उचलणार. ओवी आटोपशीर आहे, कारण ती दम लागलेल्या माणसाची रचना आहे. आणि ती आवाज चढवून गायची गरजच नसे, ऐकणारी हातभर अंतरावर. त्यामुळे तिच्यात सासूची तक्रार मावते, माहेर मावतं, मेलेलं लेकरू मावतं. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी लेवा गणबोलीत जे रचलं ते असंच शेतातली-घरातली कामं करता करता. लिहिता त्यांना येत नव्हतं. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी गाणी छापून आली. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रभरातून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. विजेविना, पैशांविना एक लाख गाणी, आणि रचणाऱ्या बहुतेक सगळ्या बाया.

मग गावात चक्की आली. दहा हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे साडेसात हजार वॅट, म्हणजे शंभर बायांच्या हातांचा जोर. ओवी हळूहळू सुटली, कारण ती ज्या कामाला बांधलेली होती ते कामच राहिलं नाही. मला याची हळहळ वाटायची. एकदा आजीला तसं म्हणालो, तर ती म्हणाली, "एकदाव दयी देख, मंग सांग." (एकदा दळून बघ, मग सांग.) तेव्हापासून मी जुन्या काळाबद्दल जरा जपून बोलतो.

मोटेचंही तेच. बैलजोडी धावेवरून उतरायची, मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची, बैल मागे सरत यायचे. या फेऱ्याला सूर लांबवणारं गाणं लागायचं. ते बैलांसाठीही असे, लांब गेलेला आवाज थांबला की बैलही रेंगाळतात. पुढे विहिरीवर डिझेल इंजिन बसलं. त्याच्या डुकडुकीत माणसाचा गळा ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि त्याला गाऊन चालवायची गरजही नव्हती. इंजिनानं ताल स्वतःचाच आणला होता.

इथं एक आडवळण घेतो, कारण सातपुडा सोडून खान्देश पुरा होत नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी रात्रभर चालते आणि पहाटे पेटते. मोठमोठे ढोल, कमरेला घुंगरं बांधलेले बुध्ये (नवसानं सोंग घेतलेले नाचे), शेकड्यांनी नाचणारी माणसं. सगळी ऊर्जा पायांतली आणि पोटातली, म्हणून तिथलं संगीत रात्रभर टिकेल अशा चालीचं असतं. तीन मिनिटांत टोक गाठणारं गाणं तिथं चालणारच नाही. साक्री-नवापूरकडच्या कोकणा आदिवासींची पावरीही, हे फुंकून वाजवायचं वाद्य, अशीच, एक सूर धरून लांबवर चालत राहणारी. याच डोंगरांच्या पायथ्याला सरदार सरोवर आहे. त्याच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के, आणि त्या पाण्यात अक्कलकुवा-धडगावची ३३ गावं गेली. विजेच्या तारा लांबच्या शहरांत आधी पोचल्या आणि धरणाकाठच्या पाड्यांत कितीतरी उशिरा. गाण्याच्या ऊर्जेचा हिशेब मांडताना हा आकडा मला गाळता येत नाही.

गळ्याचं एक गणित आहे. माणूस कितीही जोरात गायला तरी गळ्यातून बाहेर पडणारी आवाजाची ऊर्जा एका वॅटपेक्षा कमीच. साध्या बोलण्यात तर वॅटचा लाखावा भाग. म्हणून माइक नव्हता तेव्हा हजार माणसांपुढे गायचं तर एकच उपाय, पट्टी चढवायची. आपला कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, आसपास सगळ्यात तिखट असतो. तमाशातला चढा, टोकदार सूर, ढोलकीची कडक थाप, झांजेची किणकिण ही सगळी त्या पट्ट्यात घुसण्याची युक्ती आहे. मशाली नाहीतर घासलेटच्या गॅसबत्त्यांच्या उजेडात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायला दुसरं साधनच नव्हतं. सारंगखेड्याच्या जत्रेत फड लागायचा तेव्हा गाणारीच्या गळ्याच्या शिराही दिसायच्या, असं जिभाऊ सांगतात. माइक आल्यावर हळू गाणं शक्य झालं. कानाशी येऊन बोलल्यासारखं जे सिनेमातलं गाणं आपल्याला आवडतं ते विजेचं अपत्य आहे. १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रण विजेवर गेलं. त्याआधी गायकाला भल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून ओरडावं लागे.

ग्रामोफोनवर फार थांबत नाही. हातानं चावी भरायची, स्प्रिंग सुटता सुटता तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्या घेणार, दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. गाणं तीन मिनिटांचं असतं हे आपल्या डोक्यात तिथून बसलं. तबकडी लाखेची, म्हणजे झाडावरच्या किड्याची. १९४८ नंतर ती प्लास्टिकची झाली, म्हणजे खनिज तेलाची. पुढे कॅसेटही प्लास्टिकच. डिझेल जाळायच्या कितीतरी आधी गाण्याचं अंग तेलाचं झालं होतं, हे मला बरेच दिवस सुचलंच नव्हतं.

ट्रान्झिस्टर मात्र आमच्या भागात खरी क्रांती होती. आधीचे रेडिओ व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्हला आतली तार सतत तापवत ठेवावी लागते, म्हणून रेडिओला चाळीस-पन्नास वॅट सहज लागत. गावात लाइटच नाही तर कसला रेडिओ? १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला, १९५४ पासून खिशातले रेडिओ बाजारात आले. तार तापवायची भानगड गेली आणि काम वॅटभराच्या आत होऊ लागलं. दोन-चार सेल घातले की झालं. खांबावर लाइट यायच्या आधी गाणं गावात पोचलं, ते सेलवर. नंतर लाइट आली, पण शेतीपंपाची रात्री. दोन-दोन वाजता बारे द्यायला जाणारा माणूस बांधावर रेडिओ लावून बसायचा. एक तर साप-विंचवाची भीती, आणि दुसरं म्हणजे झोप लागली तर पाणी शेजाऱ्याच्या शेतात. रात्रीच्या रेडिओला खान्देशात एवढा मान का, याचं उत्तर विजेच्या वेळापत्रकात आहे.

आता भोंगा. लग्नघरी झाडाला दोन भोंगे बांधायचे, खाली मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी आणि चाळीस वॅटचं मशीन. या बॅटरीत जेमतेम अर्धा युनिट वीज मावते आणि तेवढ्यावर दिवसभर सगळ्या गावाला लग्न कळायचं. कसं? कारण भोंगा फार काटकसरी आहे. तोंडाभोवती दोन्ही हातांची ओंजळ करून हाक मारली की आवाज लांब जातो, तीच युक्ती. साधा स्पीकर दिलेल्या विजेतली एक-दोन टक्केच आवाजात बदलतो, बाकीची गरम होऊन जाते. भोंगा दहा टक्क्यांच्या वर जातो. पण त्याची खोड अशी की त्यातून खर्ज निघत नाही. पन्नास हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते, म्हणजे आमच्या ओट्यापासून समोरच्या पारापर्यंत. हातभर तोंडाच्या भोंग्यातून ती फेकली जाणार कशी? म्हणून भोंग्याच्या काळातलं गाणं आपल्याला बारीक, नाकातलं आठवतं. वीज कमी, म्हणून भोंगा. भोंगा, म्हणून खर्ज नाही. खर्ज नाही, म्हणून शब्द स्वच्छ. चार शेतं पलीकडे निंदणाऱ्या बाईलाही गाण्याचा शब्द न् शब्द कळायचा.

डीजेनं नेमकं उलटं केलं. ट्रॅक्टरची ट्रॉली, जनरेटर, बेसचे डबे, वर टॉप. आमच्या हळदीत सरासरी वीस हजार वॅट खर्च होत होते, भोंग्याच्या पाचशेपट. पण पाचशेपट वीज दिली म्हणून आवाज पाचशेपट वाटत नाही. आपला कान अवघड हिशेबनीस आहे. आवाज दुप्पट वाटायला ऊर्जा दहापट लागते, चौपट वाटायला शंभरपट. पाचशेपट विजेला कान जेमतेम सहा-साडेसहापट दाद देतो, आणि बेसचे डबे भोंग्यापेक्षा उधळे असल्यानं प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

मग एवढी वीज जाते कुठे? बेसमध्ये. खालच्या सुरांना आपला कान मंद असतो. बोलण्याच्या पट्टीतला आवाज जितका ऐकू येतो तितकाच पन्नास हर्ट्झचा ठोका ऐकू यायला शंभरपटीहून जास्त जोर लागतो. वर एवढी लांब लाट उठवायला भरपूर हवा हलवावी लागते, म्हणून स्पीकरचे मोठे पडदे, मोठे डबे, मोठं मशीन. छातीत जे धडधडतं, पत्र्याची शेडं जी थरथरतात, ते सगळं डिझेल. तीस लिटरमधल्या तीनशे युनिटपैकी आवाज झाला असेल फार तर चार-पाच युनिटचा. शंभर रुपयांच्या डिझेलमधलं दीड रुपयाचं गाणं, बाकी धूर आणि ऊब. वैशाखात.

याचा गाण्याच्या घडणीवर काय परिणाम झाला तो अहिराणी गाण्यात स्वच्छ दिसतो. हे गाणं आता मोठ्या शहरावर अवलंबून नाही. कॅसेटनं १९८० च्या दशकात ध्वनिमुद्रण स्वस्त केलं, संगणकानं आणखी. धुळ्या-जळगावात एका खोलीत लॅपटॉपवर गाणं तयार होतं आणि व्हिडिओचे आकडे लाखांत जातात. मला याचा अभिमान आहे. पण ऐकताना लक्ष द्या. ठेका आधी, शब्द नंतर. एकच ओळ चार-चारदा. पहिल्या दहा सेकंदांत नाचणाऱ्याला उचलायचंच. हा रचणाऱ्याचा आळस नाही. बेस पुढे असला की शब्द झाकले जातात, मग ट्रॉलीसमोर जी ओळ ओरडून म्हणता येते तीच उरते. ओवीची ओळ जात्यानं कापली तशी ही ओळ जनरेटरनं कापली.

आणि तेच गाणं दुसऱ्या दिवशी मोबाइलवरही चाललं पाहिजे. मोबाइलचा स्पीकर बोटाच्या पेरापेक्षा लहान, खालचे सूर तो काढूच शकत नाही. म्हणून ध्वनिमुद्रण करणारी पोरं खर्जाचे वरचे जोडसूर मुद्दाम उठवतात. ते ऐकले की खालचा मूळ सूर मेंदू स्वतःच भरून घेतो. म्हणजे वाजत नसलेला बेस तुम्हाला ऐकू येतो. ट्रॉलीला वीस हजार वॅट, मोबाइलला एकाच्या आसपास, आणि गाणं एकच. मला तर हे कौशल्य थक्क करतं.

मोबाइलची बॅटरीही याच गोष्टीतली आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. वीसेक वर्षांनी, ऐन भारनियमनाच्या दिवसांत, गावोगावच्या रिचार्जच्या टपरीवर मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं. "लाइट उनी का?" हा प्रश्न सगळ्या गावाला पडलेला असायचा, पण पोरांच्या खिशात गाणी चालू असायची. अहिराणी गाणी घराघरात शिरली ती त्या टपऱ्यांवरून.

पुढे काय, हा प्रश्न राहतो. आज आपण गाणं ऐकतो ते दूरच्या डेटा सेंटरमधून. २०२४ मध्ये जगातल्या एकूण विजेपैकी साधारण दीड टक्का डेटा सेंटरांनी वापरली. त्यात नुसत्या गाण्यांचा भाग छोटा. व्हिडिओ जड, आणि आता यंत्राकडून गाणी बनवून घेण्याचा खर्च वाढतोय. आपली सवय मात्र अशी की गाणं ऐकायचं तरी व्हिडिओ लावून फोन उलटा ठेवायचा. कुणी पाहत नसलेल्या चित्रावर वीज.

आपल्याकडची वीज आजही मोठ्या प्रमाणात कोळशाची. भुसावळजवळ दीपनगरची धुराडी दिसतात तिथून ती येते. साक्री तालुक्यात मात्र दुसरं चित्र आहे. शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग लागली आहे. मला वाटायचं, ऊन-वाऱ्याची वीज आली की गाणं आपोआप सौम्य होईल. डिझेलसारखी ती टाकीत भरून नेता येत नाही, मग बेस पहिला गळेल.

हिशेबानं माझी ही समजूत खोटी ठरवली. २०१० पासून २०२४ पर्यंत बॅटरीच्या किमती नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरल्या. शंभर युनिटची बॅटरी आजही साताठशे किलो भरेल, पण ट्रॉलीला ते वजन काहीच नाही. म्हणजे बॅटरीवरचा डीजे होऊ शकतो, आणि जनरेटरची घरघर गेल्यानं बेस उलट जास्त साफ ऐकू येईल. स्वच्छ ऊर्जा म्हणजे शांत गाणं, असं काही नाही. आवाजाला लगाम घालतो तो कायदाच. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे-स्पीकर बंद, वस्तीत दिवसा मर्यादा ५५ डेसिबल. डीजेसमोर उभं राहून हा ५५ चा आकडा वाचला की हसू येतं.

श्रावणात कानबाई, ही आमची खान्देशातली देवी, घरोघरी बसते तेव्हा मात्र घरात अजून रात्रभर बायकाच गातात. रविवारी रोट, जागरण, सोमवारी विसर्जन. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजे असतो, पण घरातल्या गाण्यांना कुणी माइक लावत नाही. तिथं ऐकणारे आणि गाणारे वेगळे नसतात, त्यामुळे आवाज वाढवायची गरज पडत नाही.

हे सगळं मी डीजेवाल्या पोराला सांगितलं, बाकीचे पैसे द्यायला गेलो तेव्हा. त्यानं बॅटरीचा भाग तेवढा नीट ऐकला. म्हणाला, "भाऊ, चार्ज कुठं करू? गावात सिंगल फेज. दोन किलोवॅटच्या कनेक्शनवर शंभर युनिट भरायला दोन दिवस लागतील. लग्नं रोज असतात."

जिभाऊ इतका वेळ गप्प होते. त्यांच्या शेतात पाच हॉर्सपॉवरचा सौरपंप आहे. दिवसा पाणी मिळतं, रात्रीचे बारे सुटले, आणि त्याबरोबर बांधावरचा रेडिओही. पण वैशाखात विहीर तळाला जाते, पंप बंद पडून राहतो, आणि ऊन तर वर्षातलं सगळ्यात कडक. पॅनेलं नुसती तापत असतात, ऐन लग्नसराईत. दिवसाला वीस-बावीस युनिट वाया. सौरपंपाच्याच पॅनेलवर चक्की चालवता येईल असे कंट्रोलर मिळतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. मग बॅटरी का नाही?

"आमच्या शिवारात असे पाच पंप आहेत," ते पोराला म्हणाले. "रोजचे शंभर युनिट. भाव काय देशील?"

पोरानं पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला.

"डिझेलपेक्षा स्वस्त लावाल ना, जिभाऊ?"

"स्वस्त लावू. पण ट्रॉली घेऊन शेतात यायचं, आणि वाहतूक वेगळी."